शर्यत पाहायला परदेशी जाताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोटारसायकलच्या शर्यती पाहण्यासाठी परदेशी जाण्याविषयी आणि त्या प्रवासात सोबत न्यायच्या रायडिंग गिअरविषयी, म्हणजे चालकाच्या सुरक्षेच्या कपड्यांविषयी आणि साधनांविषयी, आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना या अंकात सविस्तर उत्तरे देत आहोत. व्हिसा, विमान आणि तिकिटे यांचे नियम वरचेवर बदलतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर ते स्वतः तपासून घ्यावेत, ही सूचना सगळ्याच उत्तरांना लागू आहे.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र चिंचवडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. २०२३ साली ग्रेटर नोएडाला झालेली मोटोजीपी (मोटारसायकल शर्यतींची सर्वोच्च जागतिक मालिका) शर्यत आम्ही प्रत्यक्ष पाहिली आणि तेव्हापासून परदेशातील एक तरी शर्यत पाहायचे मनात आहे. रजा आणि पैसा दोन्ही मोजकेच आहेत. मलेशियातील सेपांगला जावे, की आणखी काही वर्षे पैसे साठवून थेट इटलीतील मुजेल्लोला जावे? तिकीट कुठल्या स्टँडचे काढावे?

उत्तर : सेपांगला जावे, आणि त्यासाठी फार थांबू नये. बुद्ध सर्किटवर मार्को बेझेक्कीने जिंकलेली ती शर्यत आपण पाहिलीत हे भाग्यच म्हणायचे, कारण २०२४ साठी ठरलेली शर्यत रद्द झाली आणि भारतातील चाहत्याला पुन्हा परदेशाकडेच पाहावे लागले. मुंबईहून क्वालालंपूरला थेट विमान जाते, सर्किट तिथल्या विमानतळाच्या अगदी जवळ आहे, जेवणखाण आपल्या जिभेला आणि खिशाला मानवणारे आहे, आणि इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी करावी लागणारी कागदपत्रांची जुळवाजुळव तिथे करावी लागत नाही. शिवाय मलेशिया हा मनापासून दुचाकीवर प्रेम करणारा देश आहे. फॉर्म्युला वनची शर्यत २०१७ नंतर सेपांगहून गेली, मोटारसायकलींची मात्र टिकली. शर्यतीच्या दिवशी तिथले वाहनतळ ज्या छोट्या गाड्यांनी भरून जातात, त्यांना स्थानिक लोक ‘कपचाई’ म्हणतात. त्या रांगांमधून एकदा सावकाश चालत जावे, म्हणजे तिथे येणारा प्रेक्षक हा आपल्यासारखाच रोज दुचाकीवर कामाला जाणारा माणूस आहे हे कळते.

आता स्टँडविषयी. पहिल्यांदा जाणारा बहुतेक प्रेक्षक सर्वांत वेगवान पट्ट्यासमोरची जागा शोधतो आणि निराश होतो. मुजेल्लोच्या सरळ पट्ट्यावर ब्रॅड बिंडर या चालकाने २०२३ मध्ये ताशी ३६६.१ किलोमीटर वेग गाठला होता. म्हणजे सेकंदाला शंभर मीटरहून अधिक. इतक्या वेगाने समोरून गेलेल्या गाडीवर चालक कोण होता हेही कळत नाही. खरे कौशल्य दिसते ते ब्रेक लागतात तिथे. सेपांगचा ट्रॅक ५.५४३ किलोमीटरचा असून त्याचे दोन लांब सरळ पट्टे जवळजवळ समांतर आहेत. मुख्य ग्रँडस्टँड त्या दोहोंच्या मध्ये उभा आहे आणि त्याच्या टोकाशी पंधरावे वळण या दोन पट्ट्यांना जोडते. त्या टोकाकडची जागा मिळाली तर ती घ्यावी. तिथे चालक झुकलेल्या अवस्थेतून एकदम सरळ होऊन छातीवर वारा घेतो, वळणाच्या आतल्या बाजूचा पाय पेगवरून (पाय ठेवायच्या दांड्यावरून) सुटून हवेत लोंबतो, मागचे चाक जमिनीपासून किंचित सुटून डावी-उजवीकडे हलू लागते, आणि या सगळ्यात तो समोरच्या गाडीच्या आत घुसायला जागा शोधत असतो. टीव्हीवर हे सगळे सपाट दिसते. तिथे बसले की ब्रेकिंग ही केवढी शारीरिक मेहनत आहे ते समजते.

छप्पर असलेल्या जागेचे चार पैसे जास्त द्यावे लागले तरी द्यावेत. ही शर्यत साधारणपणे ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीस असते आणि त्या दिवसांत दुपारनंतर पाऊस हमखास झोडपतो. २०२३ पासून शनिवारीही स्प्रिंट, म्हणजे कमी फेऱ्यांची शर्यत होते, त्यामुळे फक्त रविवारसाठी जाणे म्हणजे अर्धा कार्यक्रम सोडण्यासारखे आहे. शुक्रवारी गर्दी कमी असते. त्या दिवशी जमेल तेवढे पायी फिरावे. २०१५ साली रॉसी आणि मार्केझ या नामांकित चालकांची टक्कर झाली ते चौदावे वळण, आणि २३ ऑक्टोबर २०११ रोजी मार्को सिमोन्चेल्ली या चालकाचा जीव गेला ते अकरावे वळण चाहत्याने पाहायला हवे. मुजेल्लोचे नंतर पाहू. टेकड्यांवर तंबू ठोकून रात्र जागवणाऱ्या इटालियन गर्दीचा आनंद घ्यायचा, तर हाताशी आठवडाभर तरी हवा.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी कोल्हापुरात राहतो आणि दोघेही मोटारसायकल चालवतो. आम्हाला आइल ऑफ मॅन बेटावरची टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही शर्यत पाहायची आहे. ब्रिटनचा व्हिसा तिथे चालतो का? कुठे उभे राहावे? आणि भाड्याची मोटारसायकल घेऊन शर्यतीच्या त्या मार्गावर आम्हाला स्वतः चालवता येईल का?

उत्तर : हे बेट युनायटेड किंग्डमचा भाग नाही, त्याचे स्वतःचे कायदेमंडळ आहे, तरीही ब्रिटनचा वैध पर्यटक व्हिसा घेऊन तिथे जाता येते. अडचण व्हिसाची नसून छपराची आहे. मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हजारो लोक मोटारसायकली घेऊन या छोट्या बेटावर उतरतात आणि हॉटेले वर्षभर आधीच भरलेली असतात. म्हणून आधी निवास, मग बोट, मग विमान याच क्रमाने आरक्षण करावे. या काळात बेटावरील अनेक कुटुंबे आपल्या घरातील खोल्या पाहुण्यांना देतात आणि जोडप्यासाठी ती सोय हॉटेलपेक्षा कितीतरी चांगली. इंग्लंडमधील हेशम बंदरातून बोटीने बेटावरील डग्लसला पोहोचायला पावणेचार तासांच्या आसपास लागतात.

टीटीची सुरुवात १९०७ ची आणि स्नेफेल डोंगरावरून जाणारा मार्ग १९११ पासूनचा. एक फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे सुमारे ६०.७ किलोमीटरची, आणि सगळा रस्ता रोजच्या वापराचा: दगडी भिंती, घरांची फाटके, फुटपाथच्या कडा, विजेचे खांब यांच्यामधून जाणारा. चालक एकत्र सुटत नाहीत, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेक सुटतो आणि लढत घड्याळाशी असते. पीटर हिकमनने २०२३ मध्ये एक फेरी सरासरी ताशी १३६.३५८ मैल, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर वेगाने पूर्ण केली. जोई डनलॉप यांचा २६ विजयांचा विक्रम त्यांचा पुतण्या मायकेल याने २०२४ मध्ये मोडला. हे आकडे वाचताना दुसरी बाजूही नजरेआड करू नये: या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक चालक मृत्युमुखी पडले आहेत. याच धोक्यामुळे १९७६ नंतर टीटी जागतिक अजिंक्यपद मालिकेतून वगळली गेली. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने हे मनाशी स्वीकारून जावे. ते न पेलवणाऱ्याने न गेलेलेच बरे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

उभे राहण्यासाठी पहिल्या दिवशी बलॉ ब्रिज निवडावा. गावातल्या त्या छोट्या पुलाच्या उंचवट्यावर गाडीची दोन्ही चाके जमीन सोडतात. अनुभवी चालक मागचे चाक आधी टेकेल अशा बेताने गाडी उतरवतो, लगेच पुढच्या वळणासाठी ती आडवी करतो, आणि हे सगळे आपल्यापासून काही पावलांवर घडते. दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या बंगलो या ठिकाणी जावे. तिथवर विजेवर चालणारी जुनी डोंगरी रेल्वे जाते आणि तिथेच जोई डनलॉप यांचा पुतळा आहे. ध्यानात ठेवायची गोष्ट ही की, एकदा रस्ता बंद झाला की तो उघडेपर्यंत जागा सोडता येत नाही. पाणी, डबा, रेनकोट, गरम कपडे आणि समालोचन ऐकण्यासाठी छोटा रेडिओ जवळ हवा. मनाईचे फलक असतील तिथे पाऊल टाकू नये. हवामान बिघडले की वेळापत्रक पुढे जाते. २०२५ मध्ये तर शेवटच्या दिवसाची सीनियर टीटी ही मुख्य शर्यतच पाऊस आणि वाऱ्यामुळे रद्द करावी लागली. परतीच्या विमानाआधी एक-दोन मोकळे दिवस ठेवावेतच.

स्वतः चालवता येते का? येते. शर्यत नसताना रस्ता सर्वांना खुला असतो आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. भाड्याची गाडी बहुधा इंग्लंडमध्येच घेऊन बोटीने न्यावी लागते, तेव्हा गाडी बेटावर नेण्याची परवानगी भाडेकराराच्या कागदावर लिहून घ्यावी. डोंगरावरचा रस्ता या पंधरवड्यात एकेरी केलेला असतो आणि त्याच्या काही भागावर वेगमर्यादा नसते. नेमकी हीच गोष्ट पाहुण्यांच्या अंगाशी येते. ‘मॅड संडे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रविवारी हौशी चालकांची जी झुंबड उडते, तिच्यात आपण दोघांनी जाऊ नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. साध्या वारी सकाळी लवकर निघावे. धुके, ओला रस्ता आणि मेंढ्या गृहीत धराव्यात आणि घरी जेवढ्या सीसीची गाडी चालवता त्याच्या आसपासचीच गाडी घ्यावी. रोज साडेतीनशे सीसी चालवणाऱ्याने हजार सीसीची गाडी पहिल्यांदा चालवण्याची ती जागा नव्हे.

प्रश्न : मी नाशिकचा. मुलासह थायलंडमधील बुरीरामची शर्यत पाहायला जाणार आहे आणि तिला जोडून च्यांग माईहून तीन-चार दिवस भाड्याच्या मोटारसायकलींवर डोंगरात फिरण्याचा बेत आहे. आमच्याकडे आयएसआय हेल्मेट, मेश (जाळीदार कापडाचे) जॅकेट आणि घोट्यापर्यंतचे बूट आहेत. हे सगळे न्यावे की तिथे भाड्याने घ्यावे? मुलाचा हट्ट लेदर सूटसाठी आहे. तो घेऊन द्यावा का?

उत्तर : मुलाला लेदरचा अखंड सूट घेऊन देऊ नये, त्याच पैशांत दोघांची उत्तम हेल्मेटे आणि ग्लोव्ह्ज येतील. शर्यतीतील चालक सूट घालतो तो ट्रॅकवर घासत जाण्यासाठी, गुडघ्यावरच्या कठीण तुकड्यावर, म्हणजे स्लायडरवर, भार देऊन वळण्यासाठी. तो सूट गाडीवर पुढे वाकून बसण्याच्या बेताने शिवलेला असतो, त्यात सरळ उभे राहतानाही पाठ ओढली जाते. च्यांग माई ते मे होंग सोन हा १,८६४ वळणांचा म्हणून प्रसिद्ध असलेला मार्ग आहे. तिथे दर तासाला थांबावे लागते, चहा होतो, फोटो होतात आणि उकाडा पाठ सोडत नाही. घामाने अंगातले पाणी गेलेला चालक जितका धोक्यात असतो, तितका मेश जॅकेट घातलेला चालक नसतो.

मेश जॅकेट मात्र नीट तपासून घ्यावे. आतील शिवणीवर ईएन १७०९२ हे युरोपीय मानक आणि त्यापुढे एएए, एए, ए अशी श्रेणी छापलेली असते. एएए ही सर्वांत कडक. पर्यटनाच्या जॅकेटला एए असली तर समाधान मानावे, ए असली तर वेगाला लगाम घालावा, आणि काहीच छापलेले नसले तर ते कापड घसरणीत किती टिकेल याची खात्री कोणी दिलेली नाही असे समजावे. कोपर-खांद्याच्या आर्मरवर (मार झेलणाऱ्या पॅडवर) ईएन १६२१-१ आणि पाठीच्या आर्मरवर ईएन १६२१-२ हा आकडा व लेव्हल १ किंवा २ लिहिलेले असते. पुष्कळ जॅकेटांत पाठीच्या खिशात आर्मर म्हणून नुसता फोमचा तुकडा घातलेला असतो. तो काढून तिथे लेव्हल २ चे पॅड बसवण्याचा खर्च अगदी सत्कारणी लागतो. आता आर्मर जागेवर राहते का ते पाहावे. मुलाला गाडीवर बसवून हँडल धरायला सांगावे आणि कोपरावरचे आर्मर हाताने फिरवून पाहावे. ते बाजूला सरकत असेल तर पडताना आधी तेच सरकेल, मग ते कितीही नामांकित कंपनीचे असो. रायनॉक्स, व्हायाटेरा, रायडा अशा भारतीय कंपन्यांचे गिअर आपल्या उन्हाचा आणि शरीरयष्टीचा विचार करून केलेले असते. परदेशी नावाचे फार आकर्षण बाळगण्याचे कारण नाही.

हेल्मेट स्वतःचेच न्यावे. भाड्याचे हेल्मेट आधी किती वेळा आपटले आहे हे कुणालाच माहीत नसते आणि त्याचे आतले पॅड शेकडो डोक्यांनी दबून सैल झालेले असतात. भारतात दुचाकीसाठी आयएस ४१५१ प्रमाणित, म्हणजे आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट कायद्याने आवश्यक आहे आणि जून २०२१ पासून तसेच बनवण्या-विकण्याला परवानगी आहे. युरोपात मात्र ईसीई प्रमाणपत्राची मागणी होते. हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेली चिंधी उलटून पाहावी: वर्तुळात इंग्रजी ई आणि देशाचा क्रमांक, त्याखाली ०५ किंवा ०६ ने सुरू होणारा लांब आकडा आणि शेजारी पी हे अक्षर असेल, तर हनुवटीचा भागही चाचणीत उतरलेला आहे असे समजावे. ०६ म्हणजे नवे २२.०६ मानक, ज्यात हेल्मेट तिरके आपटल्यावर डोक्याला बसणारा पीळही मोजला जातो. हल्ली आयएसआय आणि ईसीई असे दोन्ही शिक्के असलेली हेल्मेटे आपल्याकडे सहज मिळतात. पुढेमागे युरोप-ऑस्ट्रेलियाला जाण्याचा विचार असेल, तर नवे घेताना तसेच घ्यावे, म्हणजे घरी आणि बाहेर एकच चालेल. विमानात ते सामानात न टाकता हातात ठेवावे. आत ग्लोव्ह्ज आणि बालाक्लाव्हा (हेल्मेटखाली घालायची कापडी टोपी) कोंबले की जागाही वाचते.

ग्लोव्ह्जविषयी लोक फार कमी विचार करतात. पडताना माणूस हात आधी टेकतो. तळहाताच्या मनगटाकडील उंचवट्यावर कठीण प्लास्टिकचा स्लायडर असलेले ग्लोव्ह जमिनीला चिकटत नाही, घसरते, आणि मनगटातले छोटे हाड वाचते. दुकानात ग्लोव्ह घालावे, मनगटाचा पट्टा घट्ट आवळावा आणि दुसऱ्या हाताने बोटांकडून जोर लावून ओढावे. ते निघून आले, तर ते थंडीसाठी ठीक आहे, मोटारसायकलसाठी नाही. घोट्यापर्यंतचे बूट चालतील, पण घोट्यावर दोन्ही बाजूंनी कठीण कवच हवे. पँट तुम्ही लिहिलेली नाही. जीन्सवर बाहेरून बांधायचे नी-गार्ड तरी न्यावेत.

दोन गोष्टी गिअरच्या पलीकडच्या. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा, त्यात मोटारसायकलचा वर्ग नोंदलेला आहे याची खात्री करावी आणि मूळ परवानाही सोबत ठेवावा. प्रवास विम्याची कलमे वाचावीत; पुष्कळ विम्यांत मोटारसायकल चालवताना झालेली इजा वगळलेली असते किंवा इंजिनाच्या सीसीची अट असते, आणि वैध परवाना नसेल तर दावा उभाच राहत नाही. शर्यत फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चमध्ये असेल तर त्या सुमारास उत्तर थायलंडात शेते आणि रान जाळल्याचा धूर दाटतो. तसे झाले तर डोंगराचा बेत सोडून बुरीरामच्याच परिसरात फिरावे.

प्रश्न : माझ्याकडे पडताना गॅसच्या नळकांडीवर फुगून अंगाला वाचवणारी एअरबॅग व्हेस्ट आहे. ती विमानातून नेता येते का? (ठाणे)

उत्तर : आपोआप फुगणाऱ्या सुरक्षा साधनात बसवलेली, ज्वलनशील नसलेल्या वायूची छोटी नळकांडी नेण्याची मुभा हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, मात्र संख्येची मर्यादा आहे आणि विमान कंपनीची पूर्वसंमती लागते. ती संमती ईमेलवर लेखी घ्यावी, उत्पादकाचे माहितीपत्रक छापून जवळ ठेवावे आणि एवढे करूनही सुरक्षा तपासणीत नळकांडे काढून घेतले जाऊ शकते हे धरून चालावे. व्हेस्ट रिकामी नेऊन त्याच मापाचे नळकांडे तिथे विकत घेणे सर्वांत निर्धोक. इलेक्ट्रॉनिक व्हेस्ट असेल तर तिच्या बॅटरीचीही चौकशी करावी. हेल्मेटात बसवून आपसात बोलण्याच्या इंटरकॉमच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्यायच्या असतात.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण, दोघी छत्रपती संभाजीनगरच्या. आम्हाला युरोपात शर्यत पाहायची आहे, पण गर्दीत दुरून पाहण्यापेक्षा गाड्या, चालक, त्यांचे गिअर जवळून पाहायचे आहे. शिवाय बायकांसाठीच्या गिअरमध्ये निवड फार थोडी असते. तिथे काही चांगले मिळेल का?

उत्तर : मग मोटोजीपीऐवजी वर्ल्ड सुपरबाइकची, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या गाड्यांवर आधारलेल्या जागतिक मालिकेची, फेरी निवडावी. मोटोजीपीच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या गाड्या आणि माणसे असतात त्या आवारात, सामान्य तिकिटावर प्रवेश नसतो. सुपरबाइकच्या बहुतेक फेऱ्यांत तो तिकिटातच असतो. मेकॅनिक टायरवर गरम ब्लँकेट चढवताना, शर्यतीत घासून पांढऱ्या पडलेल्या सूटवर नवे स्लायडर चिकटवताना आपण अगदी समोर उभे असता आणि चालक येता-जाता थांबून बोलतात. तिकीटही स्वस्त असते. याच फेऱ्यांपैकी काहींमध्ये २०२४ पासून महिलांची जागतिक सर्किट अजिंक्यपद मालिका भरते. तिचे पहिले विजेतेपद स्पेनच्या आना कारास्कोने मिळवले. २०१८ साली पुरुषांसोबतच्या सुपरस्पोर्ट ३०० गटात जगज्जेती झालेली हीच ती. नेदरलँड्समधील असेनची फेरी सोयीची आहे. सर्किट शहराजवळ आहे, गवताच्या बांधावर बसून उत्तम दिसते, आणि १९४९ पासून ग्रां प्री जागतिक मालिकेच्या (आताच्या मोटोजीपीच्या) कॅलेंडरवर २०२० चा अपवाद वगळता दर वर्षी राहिलेले ते एकमेव ठिकाण आहे. एप्रिलमध्ये तिथे बोचरी थंडी असते, तेव्हा आतून थर्मल हवे.

गिअरविषयी आपली तक्रार अगदी रास्त आहे. पुरुषांचे जॅकेट लहान मापात घेतले की खांदे सैल, कंबर ढगळ आणि बाह्या लांब होतात, आणि आर्मर कोपराऐवजी मनगटाकडे लोंबते. युरोपातल्या मोठ्या दुकानांत स्त्रियांच्या मापाचे स्वतंत्र दालन असते. तिथे घाई न करता जॅकेट-पँट एकत्र घालून, शक्य तर दुकानातल्या गाडीवर बसून पाहावे. पँटचे गुडघ्याचे पॅड आतल्या खिशात वर-खाली सरकवता येणारे हवे, कारण एकाच कंबरेच्या मापात पायांची लांबी वेगवेगळी असते. बुटांसाठी टाच थोडी उंच असलेले मॉडेल मागावे. पाय जमिनीला नीट टेकण्याने जो आत्मविश्वास येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. लेदर घेतलेत तर अंगाला घट्टच घ्यावे, ते वापराने सैलावते. कापडी गिअर सैलावत नाही. बिल जपून ठेवावे. युरोपातून निघताना विमानतळावर कर परतीचा अर्ज करता येतो आणि भारतात उतरल्यावर शुल्कमुक्त मर्यादेपेक्षा जास्त किमतीचा माल असेल तर तो कस्टमकडे जाहीर करावा लागतो.

प्रश्न : मी मेलबर्नला नोकरी करतो. माझे बाबा पुढच्या वर्षी साताऱ्याहून आमच्याकडे येणार आहेत. त्यांनी उमेदीची सगळी वर्षे जावा चालवली आणि मोटारसायकलचे वेड मला त्यांच्याकडूनच लागले. त्यांना मागे बसवून फिलिप आयलंडला शर्यतीला न्यावे असे वाटते. आता ते सत्तरीत आहेत. हे शहाणपणाचे ठरेल का, आणि त्यांच्यासाठी गिअर काय घ्यावे?

उत्तर : बाबांची तब्येत ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर जरूर न्यावे. अंतर साधारण १४० किलोमीटरचे आहे, रस्ता चांगला आहे, आणि सॅन रेमोहून बेटावर नेणारा पूल ओलांडताना शर्यतीला निघालेल्या मोटारसायकलींची रीघ लागलेली असते. बाबांना हेही सांगा की त्यांच्या जावाचे नाव ग्रां प्रीच्या इतिहासात आहे: १९६१ साली ३५० सीसीच्या जागतिक मालिकेत फ्रांतिशेक श्त्यास्त्नी हा चालक जावावर दुसरा आला होता.

अडचण वाऱ्याची आहे. सर्किट थेट समुद्रकाठी आहे, ऑक्टोबरात तिथे दक्षिणेकडून गार वारा सुटतो. २०१९ मध्ये तर वाऱ्यामुळे शनिवारची क्वालिफायिंग, म्हणजे सुरुवातीचा क्रम ठरवणारी फेरी, रविवारवर ढकलावी लागली होती. मागे बसणाऱ्याला गाडी चालवण्याचे श्रम नसतात, त्यामुळे त्याचे अंग चालकापेक्षा लवकर गारठते, आणि उतारवयात हे अधिक जाणवते. म्हणून थर्मल, त्यावर वारा अडवणारा थर, मग आर्मर असलेले जॅकेट असा क्रम ठेवावा. साताऱ्याहून त्यांचे नेहमीचे हेल्मेट आणू देऊ नये. ऑस्ट्रेलियात तिथल्या एएस/एनझेडएस १६९८ किंवा ईसीई मानकाचेच हेल्मेट चालते, नुसता आयएसआय शिक्का पुरत नाही. ज्येष्ठांना फुल-फेस हेल्मेट चढवता-काढताना मान दुखते आणि चष्मा अडतो, तेव्हा पुढचा भाग वर उचलता येणारे मॉड्युलर हेल्मेट घ्यावे. चिंधीवरील पी हे अक्षर पाहायला मात्र विसरू नये. ते हलके असावे आणि दुकानात किमान पंधरा-वीस मिनिटे डोक्यावर ठेवून पाहावे. कपाळावर एकाच जागी दाब येत असेल तर तासाभरात डोके दुखू लागेल.

गाडीला मागे टॉप बॉक्स (सामानाची पेटी) आणि त्याला पाठीचे पॅड बसवावे, म्हणजे प्रत्येक वेळी गाडीने वेग घेताना त्यांना तुमची कंबर घट्ट धरून ठेवावी लागणार नाही. दोघांच्या हेल्मेटात इंटरकॉम असला तर थांबायचे आहे हे त्यांना खांद्यावर थाप मारून सांगावे लागणार नाही. जाण्याआधीच एखाद्या आठवड्याच्या शेवटी तीस-चाळीस किलोमीटरची रंगीत तालीम करून पाहावी. गाडीवर चढताना-उतरताना पाय मागच्या सीटवरून पलीकडे टाकणे त्यांना जड जाते का, हे त्यातच कळेल. जड जात असेल तर शर्यतीला मोटारीने जावे. तिकीट बसायच्या जागेचे काढावे, कारण उतरणीच्या गवतावर दिवसभर बसणे गुडघ्यांना सोसवत नाही; आणि रविवारी शर्यत संपल्याबरोबर पुलाकडे धाव न घेता तास-दीड तास सर्किटवरच थांबावे, तोवर गर्दी बरीच ओसरलेली असते.